नवऱ्याच्या नावाचा रकाना

बाई सरकारी कचेरीत जाताना पाट घेऊन जायच्या. जेवायला बसतात तो, साधा लाकडी पाट, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला. ठाण्याच्या कचेरीत कारकुनानं "बसा" म्हटलं नाही, की त्या त्याच्या टेबलासमोर पाट मांडून खुशाल मांडी घालायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांना वळसा घालून जावं लागे. कोणी म्हणालंच, "बाई, इथे बसू नका," तर त्या म्हणत, "मग कुठे बसू ते सांगा. पाट घरचा आहे, सरकारचं काही झिजत नाही." तासाभरात त्यांचं काम व्हायचं. मी बरोबर असले तर खांबाआड उभी राहायची. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळ्याचीच लाज वाटायची.

मी त्यांची भाडेकरू. डोंबिवलीच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते, आणि त्या दिवसांत एकट्या मुलीला खोली कोण देणार? बाईंनी कल्याणच्या आपल्या घरातली माडीवरची खोली दिली. आईबाप कुठे, लग्न का नाही, जात कुठली, यातलं अक्षर विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "रक्त बघून चक्कर येते का?" मी नाही म्हटलं. ते खोटं होतं आणि पहिल्याच आठवड्यात उघडं पडलं.

कारण खाली, मागच्या पडवीत, चार खाटा होत्या आणि त्यांवर बाळंतिणी असत. बाई मूळच्या नर्स. तेराव्या वर्षी विधवा झाल्या, थोरल्या भावानं घरादाराशी भांडून त्यांना शिकवलं, आणि ठाण्याच्या इस्पितळात तीस वर्षं लोकांची बाळंतपणं करून त्या निवृत्त झाल्या. नातेवाईक म्हणाले, आता काशीला जाऊन या. त्या निघाल्याही होत्या म्हणे. पण कल्याण स्टेशनच्या मालधक्क्यावर, पोत्यांच्या थप्पीआड, टिटवाळ्याकडची एक बाई अडली होती. बाईंनी वळकटी सोडली, तिला तिथेच मोकळी केली. मूल छातीशी घेऊन ती म्हणाली, "आता जायाचं कुठं?" बाई म्हणाल्या, "माझ्या घरी." काशी राहिली ती राहिलीच.

त्यांना तपकिरीचं व्यसन होतं. पण बाळंतपण चालू असताना डबीला हात लावायच्या नाहीत. सगळं सुखरूप आटोपलं, हात धुऊन झाले, की चिमूटभर ओढून तीन दणदणीत शिंका द्यायच्या. एरवी आपल्याकडे शिंक म्हणजे अपशकुन, निघालेला माणूस चपला काढून परत बसतो. पण आमच्या ओटीवर ताटकळलेल्या सासवा त्या शिंकांकडे कान लावून बसलेल्या असत. पहिली शिंक आली की एखादी म्हातारी हात जोडायची, "सुटली गो बाय." मुलगा की मुलगी, ते नंतर.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: "मी विचारलंय का?" कोणी बाई आपली कर्मकहाणी सांगायला लागली, दारुडा नवरा, दुसरेपणाची, सासूनं हाकललेली, की बाई म्हणायच्या, "मी विचारलंय का? पाय वर घे." हे ऐकायला कठोर वाटे. मला तर फार राग यायचा. पुढे कळलं, की त्या बायकांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना हायसं वाटत होतं.

सगळं असंच चाललं असतं. पण त्या वर्षी बाईंचे हात कापायला लागले. चहाची कपबशी किणकिणायची. मी पाहिलं की त्या बशी खाली ठेवत आणि मोरीत जाऊन उगाच हात धूत बसत. एकदा मला म्हणाल्या, "मास्तरीण, हात कापणाऱ्या सुइणीनं नाळ कापू नये. दुसरी नर्स ठेवायला हवी, नाहीतर खाटा उचलायला हव्यात." एवढंच. पगारी नर्स ठेवायची तर बाईंचं पेन्शन त्यांना आणि बाळंतिणींच्या पेजेलाच पुरत नव्हतं. तेवढ्यात कळलं, की अशा कामांना सरकार आता मदत देऊ लागलंय. अर्ज करायचा, नोंदणी करायची, तपासणीला साहेब येणार, मग मंजुरी.

अर्ज मी लिहायला घेतला. "सविनय विनंती" असं लिहिलं, तर बाईंनी खोडलं. "आपली नम्र" लिहिलं, तेही खोडलं.

"अहो बाई, अशी पद्धत असते."

"असेल. मागताना ताठ उभं राहावं. वाकलं की वाडग्यातलं असलेलंही सांडतं."

"मग शेवटी काय लिहू?"

"लिही, कळावे."

अर्ज तसाच गेला. संस्थेचं नाव काय, असं फॉर्मवर विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, बाळंतखोली. मी म्हटलं, जरा भारदस्त काहीतरी द्या. म्हणाल्या, खोली आहे, बाळंत होतात, अजून काय भारदस्त पाहिजे?

मग आलं कार्यकारी मंडळ. सात सभासद हवेत असा नियम. गावातल्या चार मोठ्या घरांतून आधी होकार आले, मग अटी आल्या, मग निरोप आले की सध्या सवड नाही. बाईंनी हात झटकले आणि आपल्याच खाटांवरून उठून गेलेल्या बायकांना निरोप धाडले. बंदरावरची मासेवाली, मोहन्याच्या कारखान्यातल्या मजुराची बायको, अशा पाच जणी. सहाव्या बाई स्वतः. फॉर्मवर पाच अंगठे आणि एक सही. ठाण्याचा कारकून तो कागद बघून हसला. बाई खालून, पाटावरून म्हणाल्या, "हसतोस काय? तुझी नाळ मी कापलीय. पायाळू होतास, तुझ्या आईला दोन दिवस छळलंस." तो गोरामोरा झाला. पण म्हणाला, "बाई, अध्यक्ष तरी कोणी प्रतिष्ठित गृहस्थ घ्या. साहेब याच्याशिवाय पुढे सरकवणार नाहीत."

ते प्रतिष्ठित गृहस्थ म्हणजे आमच्या आळीतले वकीलसाहेब. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. दोन संस्थांचे अध्यक्ष, गणपतीत भाषण यांचंच. त्यांचे दोन्ही मुलगे बाईंच्या हातचे. त्यांनी अध्यक्षपद घेतलं आणि बाई पहिल्यांदा कोणापुढे तरी गप्प बसल्या, कारण दुसरी नर्स हवी होती.

आता माझी चूक. सरकारी नमुन्याप्रमाणे नोंदवही हवी होती. मी शाळेतली पट्टी आणून सुरेख रकाने आखले: नाव, गाव, वय, पतीचे नाव, दाखल केल्याची तारीख. आणि पेन घेऊन खाटांमधून हिंडले. बाकी सगळं भराभर झालं. पतीचे नाव म्हटलं की सगळ्या मुक्या. एक लाजून पदर तोंडात कोंबते, दुसरी म्हणते, "समोरच्या देवळातल्या देवाचं जे, तेच," तिसरी भिंतीकडे तोंड करते. नवऱ्याचं नाव कुठली बाई घेणार? आयुष्य कमी होतं त्याचं. मी मॅट्रिक झालेली, शहाणी, चिडले. म्हटलं, सासरचं माणूस भेटायला आलं की भरून घेऊ, आणि तोवर प्रत्येकीच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहून टाकलं: नाव घेत नाही. त्या दिवसापासून तीच सवय पडली. तीन महिने झाले, वही भरत आली, आणि रकान्यात वरपासून खालपर्यंत तेच.

मी बाईंना ती चूक भीतभीतच दाखवली. म्हटलं, सगळी वही पुन्हा लिहिते. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. यापुढे कोणाचंही लिहायचं नाही. नवरा स्वतः येऊन सांगत बसला तरी नाही."

ती शेवटची ओळ एका मुलीची होती. कळव्याच्या मिठागरावर काम करणारी, एकोणीस-वीसची, सातवा सरून आठवा लागलेला. एकटी आली होती, हातात गाठोडं. गळ्यात काळी पोत होती, पण ती इतकी नवी होती की दोराही मळला नव्हता. माझ्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाईंच्या केव्हाच पडला असणार, त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं नव्हतं.

आळीत गोष्टी लपत नाहीत. आठवड्याभरात वकीलसाहेब आले, ओटीवरच उभे राहिले.

"बाई, त्या मुलीला तपासणीआधी दुसरीकडे हलवा."

"का? खाट मोडलीय?"

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय. असल्या बायका ठेवल्या तर उद्या घरंदाज बायका इथे यायच्या नाहीत. सरकारही अशा ठिकाणाला पैसा देणार नाही. माझी सही आहे त्या कागदांवर."

"घरंदाज बायका घरीच बाळंत होतात वकीलसाहेब, त्यांना घर असतं. इथे येतात त्या निराळ्या."

"एका मुलीपायी चार खाटा बुडवाल."

"चार खाटांपायी एक मुलगी बुडवू?"

ते गेल्यावर मी बाईंवर चिडले. होय, मीच. म्हटलं, तुमचे हात कापतायत, नर्स आली नाही तर दिवाळीआधी सगळं बंद, पुढच्या सगळ्या बायकांचं काय? तिला दोन आठवडे माझ्या गावी ठेवू, मी नेते. मला ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं. बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तरीण, तुला मी खोली दिली तेव्हाही लोक आले होते सांगायला, एकटी पोर ठेवू नका." मी निमूट माडीवर गेले. त्या रात्रीचं जेवणही मी खाली उतरून मागितलं नाही, त्यांनीच वर पाठवलं.

तपासणीचा साहेब तरुण होता, घामाघूम झालेला. वकीलसाहेब त्याच्याबरोबर. त्यानं खाटा पाहिल्या, उकळती भांडी पाहिली, कौलांची गळती पाहिली, सगळं टिपून घेतलं. मग वही उघडली आणि पान उलटत राहिला.

"हे काय? एकीच्याही नवऱ्याचं नाव नाही?"

"वाचा ना, लिहिलंय," बाई म्हणाल्या. "घेत नाहीत."

"अहो, पण नियम आहे."

"लग्न झालंय तुमचं?"

"हो."

"मग घरी गेल्यावर तुमचं नाव विचारून बघा. सांगितलं तर मीही या सगळ्यांकडून घेते."

साहेबाच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं होतं. तेव्हा वकीलसाहेब त्याच्या कानाशी लागले. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण साहेबाची नजर शेवटच्या खाटेकडे गेली. तो तिथे जाऊन उभा राहिला. "बाई, तुमच्या मालकांचं नाव काय?"

ती मुलगी पांढरीफटक पडली. बाईंचे हात कापत होते, त्यांनी ते पदरात घेतले. मला वाटलं, झालं, संपलं. आणि शेजारच्या खाटेवरची मोहन्याचीच दुसरी एक बाई, जिला सकाळपासून कळा येत होत्या, ती कोपरावर उठली.

"मालकाचं नाव कुनी घेतंय व्हय?"

"नुसतं नको असेल तर उखाण्यात घ्या," साहेब गोंधळून म्हणाला.

"उखाना लग्नात घेत्यात साहेब, कळा देताना न्हाय." आणि ती अशी कण्हली की साहेब दोन पावलं मागे सरला. तिचे दिवस भरलेले होते हे खरं, पण ते कण्हणं मुद्दाम काढलेलं होतं, हे बाईंनी मला मागाहून सांगितलं.

साहेब ओटीवर आला, पाणी प्यायला. वही त्याला मान्य होती. पण वकीलसाहेबांनी हुकमाचा पत्ता टाकलाच. "साहेब, जन्मनोंदीत बापाचं नाव लागतंच. नगरपालिकेच्या नकला मागवा. ज्या आज खाटेवर आहेत, त्यांच्या सगळ्यांच्या." साहेबाला ते सोयीचं वाटलं. चारही नोंदींच्या नकला अध्यक्षांच्या सहीनं महिन्याभरात पाठवा, म्हणाला, मंजुरी लगेच देतो. आणि गेला.

म्हणजे सगळं त्या मुलीच्या मुलावर येऊन ठेपलं. बापाचं नाव कोरं राहिलं, तर वकीलसाहेब सही करणार नाहीत, आणि सही नाही तर नर्स नाही.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, ती मोकळी झाली. बाळंतपण अवघड होतं. बाईंनी मला जवळ बोलावून माझ्या मनगटांवर आपली मनगटं टेकवली, कंप थांबावा म्हणून, आणि मी डोळे घट्ट मिटून उभी राहिले. मुलगी झाली. तीन शिंका आल्या. ओटीवर ऐकायला कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर ती गाठोडं बांधून, पोरीला दुपट्यात गुंडाळून दाराशी उभी. "बाय, मी जातंय. नोंद करू नका. माज्यापायी तुमचं नको अडकाया."

"कुठे जाणार?"

तिनं पोरीचं दुपटं सारखं केलं आणि उंबऱ्याकडे वळली.

"बाळंतीण दहा दिवस उठत नाही," बाई म्हणाल्या. "आडवी हो." तिच्या हातातून पोर काढून घेतलं, माझ्याकडे दिलं, तिला खाटेवर नेऊन निजवलं. मग धुवट पांढरं लुगडं नेसल्या, इस्पितळातलं, इस्त्रीचं, आणि मला म्हणाल्या, "चल मास्तरीण. नगरपालिकेत."

जन्माच्या खिडकीवरचा कारकून नवा होता, गावचा नव्हता. त्यानं आईचं नाव लिहिलं, मुलीचा जन्म लिहिला.

"बापाचं नाव?"

बाईंनी सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी घेताना म्हणतात तसं खणखणीत. आडनाव त्यांचंच होतं. मला एक क्षण काही कळलं नाही, मग कळलं, हे बाईंचे यजमान. ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडून त्या घरात, त्या गावात, कोणीच कधी ऐकलं नव्हतं. मीही ते इथे लिहिणार नाही.

"वय?"

इथे मात्र त्या थांबल्या. बोटांच्या पेरांवर मोजत राहिल्या. सोळाव्या वर्षी पटकीनं गेलेल्या मुलाचं वय मोजत होत्या. "अठ्ठावन्न," म्हणाल्या.

"धंदा?"

"शिकतात."

कारकुनानं वर पाहिलं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यानं लिहिलं.

"पत्ता?"

"माझाच."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, हे खोटं आहे. पकडतील तुम्हाला." पण मला त्यांचा मनापासून हेवाही वाटत होता, हे आज कबूल करते.

"तेरा वर्षांची होते," त्या चालता चालता म्हणाल्या, "तेव्हा त्याच्या आईनं मला अंगणात उभं करून सांगितलं, नवऱ्याला खाल्लंस. लोक अजून मागून बोलतात. चाळीस वर्षं मी त्याचं ओझं वाहिलं, त्यानं एकदा माझं वाहिलं तर मरत नाही."

त्या घरी वळल्या नाहीत. आधी हलवायाकडे गेल्या, मग तडक वकीलसाहेबांच्या ओटीवर. सकाळची वेळ, अशिलं बसलेली, आठ-दहा माणसं. बाकीच्या तिघींच्या नकला आधीच आल्या होत्या, बाईंनी चारही त्यांच्यापुढे ठेवल्या. तीन त्यांनी सह्या करून बाजूला केल्या. चौथी वाचली, आणि पुन्हा वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे गृहस्थ जाऊन चाळीस वर्षं झाली."

"झाली."

"मग हे मुलीचे वडील नाहीत."

"नसतील," बाई म्हणाल्या, मुळीच हळू नाही. "तुम्हाला दुसरं कोणाचं नाव ठाऊक असेल, तर सांगा. इथे चारचौघांत सांगा, मी हे खोडून ते घालते."

ओटीवर सगळे माना वळवून वकीलसाहेबांकडे बघायला लागले. त्यांनी एकदा अशिलांकडे पाहिलं, एकदा दाराआड उभ्या असलेल्या बायकोकडे. ती माउली एकटक त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि सही केली. त्याच सहीवर पुढे मंजुरी आली आणि नर्सही आली, पण ते पुढे.

बाईंनी कागद घडी करून कमरेला खोचले आणि पुडा सोडला. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की बर्फी. त्यांनी पहिली वडी वकीलसाहेबांच्या हातावर ठेवली, मग एकेकाला देत निघाल्या. टोकाला बसलेल्या परगावच्या एका म्हाताऱ्या अशिलाला यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यानं हात पुढे केला आणि विचारलं, "कसली बर्फी, बाई?"

"आमच्या ह्यांना मुलगी झाली," बाई म्हणाल्या.